टाचा वर, खांदे खाली!

लंडनमधलं कॉव्हेंट गार्डन म्हणजे शॉपिंग, कॉफी आणि रस्त्यावरचे कलाकार, एवढंच तुमच्या डोक्यात असेल तर जरा मान वर करा. इथल्या चार-पाच गल्ल्यांमध्ये माणसं पायाच्या बोटांवर उभं राहायला शिकतात. आणि त्यासाठी बोटं सोडून बाकी सगळ्या शरीरावर मेहनत घेतात!

लंडनच्या ट्यूबमध्ये लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हा सगळ्यात छोटा प्रवास. तीनशे मीटरसुद्धा नाही. बसायला जागा शोधेपर्यंत स्टेशन येतं. खरी गंमत उतरल्यावर सुरू होते. लिफ्टसमोर दादरला शोभेल अशी गर्दी आणि बाजूला गोल गोल वर जाणारा लोखंडी जिना. पायऱ्या १९३! जिना चढण्याआधी विचार करा, अशा अर्थाची सूचनाही तिथे लावलेली असते. हौशी मंडळी हसत हसत चढायला लागतात आणि साधारण शंभराव्या पायरीला हसायचं थांबतात.

वर आलात की पोटऱ्या बोलायला लागतात. लागू द्या. कारण या स्टोरीची हिरॉइन पोटरीच आहे.

१९७४ पर्यंत इथे फळं-भाज्यांचा घाऊक बाजार भरायचा. म्हणजे आपलं जुनं क्रॉफर्ड मार्केटच म्हणा ना. आणि या बाजाराला खेटून उभं होतं रॉयल ऑपेरा हाऊस. एकीकडे कोबीच्या गाड्या, दुसरीकडे मखमली खुर्च्या! आत्ताची इमारत १८५८ सालची. त्याआधीची दोन थिएटर्स आगीत खाक झाली. दुसऱ्या महायुद्धात इथे चक्क डान्स हॉल चालायचा. मग २० फेब्रुवारी १९४६ ला 'द स्लीपिंग ब्यूटी' या बॅलेने पडदा पुन्हा उघडला. राजकन्या ऑरोराच्या भूमिकेत होती मार्गो फॉन्टेन. तेव्हापासून ब्रिटिश बॅलेचा हा हक्काचा पत्ता.

ऑपेरा हाऊसच्या मागच्या अंगाला फ्लोरल स्ट्रीट आहे. नाव फुलांचं, पण गल्ली अरुंद. इथे थांबा आणि वर बघा. चौथ्या मजल्याच्या उंचीवर एक पूल दिसेल. पीळ दिलेल्या हार्मोनियमच्या भात्यासारखा. २३ चौकटी, प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीपेक्षा किंचित फिरलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचताना पूल स्वतःभोवती पाव वळसा घेतो. नाव 'ब्रिज ऑफ ॲस्पिरेशन', म्हणजे आकांक्षेचा पूल. विल्किन्सन आयर या आर्किटेक्ट्सनी तो २००३ मध्ये बांधला. एका बाजूला रॉयल बॅले स्कूल, दुसऱ्या बाजूला ऑपेरा हाऊस. शाळेतून स्टेजपर्यंत जायला मोजकीच पावलं, पण ती टाकायला मिळावीत म्हणून पोरं वर्षानुवर्षं घाम गाळतात.

आणि हो, या गल्लीशी आपलंही नातं आहे. मुंबईत येहूदा माओर यांच्याकडे बॅले शिकलेला आमिरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा २०१७ मध्ये याच रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्या आणि मनीष चौहानच्या प्रवासावरून सूनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये 'ये बॅले' काढला. त्याहून जुनं नातं १९२३ चं. त्या वर्षी याच ऑपेरा हाऊसच्या स्टेजवर अ‍ॅना पावलोव्हा राधा झाली होती आणि तिचा कृष्ण होता आपला उदय शंकर!

चपलेत काय आहे?

मी या गल्ल्यांमध्ये पोचले ती ताईमुळे. ताई म्हणजे माझी मावसबहीण. वय ३२, मूळ डोंबिवली, नोकरी लंडनच्या एका बँकेच्या आयटीत. दिवसभर स्क्रीनसमोर. तीन वर्षांपूर्वी पाठ धरली म्हणून कुणीतरी मोठ्यांच्या बॅले क्लासला जायला सुचवलं. ती गेली आणि तिथलीच झाली. आता आठवड्यातून तीन क्लास. आणि डोक्यात एकच किडा, पॉइंट!

पॉइंट म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहणं. मूळ फ्रेंच शब्दाचा उच्चार 'प्वांत', पण लंडनच्या क्लासमध्ये सगळे 'पॉइंट'च म्हणतात. त्यासाठीचे शूज वेगळे. पुढचं टोक सपाट, पण केवढं? काडेपेटीपेक्षाही लहान. त्यावर अख्खी बाई उभी राहते, वळते, गिरक्या घेते.

ड्रुरी लेनच्या परिसरातल्या एका दुकानात ताईने मला ते शूज हातात घेऊन दाखवले. आत लाकूड असतं अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत. लाकूड-बिकूड काही नाही, बॉस! पुढचा टणक भाग कापड, कागद आणि खळ यांच्या थरांचा. तळव्याखाली पुठ्ठ्याची किंवा चामड्याची कडक पट्टी, तिला शँक म्हणतात. वरून गुलाबी सॅटिन. १९२९ मध्ये फ्रेडरिक फ्रीड यांनी कॉव्हेंट गार्डनमध्ये असे शूज बनवायला सुरुवात केली. फ्रीडचे कारागीर आजही ते हाताने घडवतात. शूज आधी उलटा शिवायचा, मग सुलटा करायचा आणि भट्टीत वाळवायचा. प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण असते, ती तळव्यावर उमटवलेली. डान्सर आपल्या कारागिराला सोडत नाही. जसा आपण आपला टेलर सोडत नाही!

आणि एवढं करून हे शूज टिकतात किती? स्टेजवरच्या मुख्य नर्तिकेचा एक जोड एका रात्रीतही मान टाकतो. घाम लागला की खळ मऊ होते, पट्टी वाकते. मग पुढचा जोड. तोही आणल्या आणल्या घालायचा नाही. आधी वाकवायचा, आपटायचा, रिबिनी शिवायच्या, टोकाला दोऱ्याने रफू करायचं. एवढा नाजूक शूज माणसाला उचलून धरेल, ही कल्पनाच चुकीची. तो फक्त मदत करतो. उचलायचं काम पायालाच करावं लागतं.

याचा पुरावा हवाय? मारी टॅग्लिओनी. १८३२ मध्ये पॅरिसला 'ला सिल्फीद' या बॅलेमध्ये ती बोटांवर नाचली आणि पॉइंट हा नाचाचा भाग झाला. तिच्या पायात काय होतं? सॅटिनची मऊ चप्पल, कडेने आणि टोकाला रफू केलेली. ना टणक टोक, ना कडक पट्टी. वडील तिच्याकडून दिवसाला सहा-सहा तास सराव करून घ्यायचे, एकेक पोझ धरून शंभरपर्यंत मोजायला लावायचे, असं सांगतात. म्हातारपणी ती लंडनला येऊन राहिली आणि मुलींना नाचाचे, चालण्या-वागण्याचे धडे देऊ लागली. कॉनॉट स्क्वेअरमध्ये तिच्या नावाची पाटी आहे.

उलट उदाहरण पावलोव्हाचं. तिच्या तळपायाची कमान फार मोठी, दिसायला अप्रतिम. पण जितकी जास्त कमान आणि जितका लवचीक पाय, तितकं त्याला आवरायला जास्त बळ लागतं. पावलोव्हाने शूजच्या तळाला कडक चामडं लावून घेतलं. तेव्हा काहींनी नाकं मुरडली. आजचे शूज मात्र तिच्याच वाटेने आलेत.

टीचर, बार आणि विळा

ताईचा क्लास एका जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर. लाकडी जमीन, भिंतभर आरसा, कमरेच्या उंचीचा बार आणि कोपऱ्यात पियानो. टीचर साठी ओलांडलेल्या, पाठ एकदम ताठ. मला वाटलं होतं, पॉइंटची तयारी म्हणजे उड्या, गिरक्या, फुल ड्रामा. प्रत्यक्षात पहिली वीस मिनिटं सगळ्या जणी फक्त टाचा वर-खाली करत होत्या!

पण कशा? दोन मोजत वर, चार मोजत खाली. खाली येताना धपकन आपटायचं नाही. "वर तर सगळेच जातात," टीचर म्हणाल्या, "खाली येताना कळतं पाय कुणाचा आहे ते." मग तेच गुडघे किंचित वाकवून. याचं कारण साधं आहे. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्याही वरून निघतो, म्हणून गुडघा सरळ असताना तो जास्त काम करतो. खालचा गुडघ्याच्या खाली सुरू होतो, म्हणून गुडघा वाकवला की भार त्याच्यावर येतो. पॉइंटला दोघंही लागतात.

मग बोटांची पाळी. जमिनीवर पाय ठेवून बोटं न मुडपता, लांब ठेवून कमान वर उचलायची. करून बघा, अवघड आहे. आपली बोटं लगेच उंदीर पकडल्यासारखी आक्रसतात. पण शूजच्या आत बोटं मुडपली की टोकावर सरळ उभं राहताच येत नाही. लांब बोटांनी कमान धरणारे हे छोटे स्नायू तळपायाच्या आतच असतात आणि बूट-मोज्यांत ते आयुष्यभर झोपलेले असतात.

त्यानंतर रबराची पट्टी पायाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला खेचायचं. टाच वर गेली की घोटा सहज बाहेर कलंडतो आणि पाऊल आत वळतं. त्याला इथे 'सिकल' म्हणतात. सिकल म्हणजे विळा, आणि पाय खरंच विळ्यासारखा दिसतो. तो नुसता वाईट दिसत नाही, अशा वेळीच घोटा मुरगळतो. त्याला सरळ धरणारे स्नायू नडगीच्या बाहेरच्या बाजूने जातात.

आणि शेवटी कंबर. एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली लोंबू द्यायची नाही. कंबर कलली की गुडघा आत जातो, गुडघा गेला की घोटा जातो. बोटांवर दिसणारा गोंधळ वरच्या मजल्यावर सुरू झालेला असतो.

ताई लहानपणी आठ वर्षं भरतनाट्यम शिकली आहे. त्यामुळे मांड्या बाहेर वळवणं तिला अरमंडीने शिकवलेलंच होतं. पण भरतनाट्यमचा पाय बराचसा जमिनीशी बोलणारा, सबंध तळवा वाजवणारा. पहिलं वर्षभर टीचर तिला एकच सांगायच्या, "जमिनीला ढकल आणि वर जा!"

शूज जोडीनेच येतात

मी लंडनला होते त्याच आठवड्यात ताईची टेस्ट होती. पॉइंट शूज घ्यायची परवानगी मिळणार की नाही, हे त्यावर ठरणार होतं. लहान मुलींसाठी डान्स मेडिसिनवाल्यांचा नियम ठरलेला आहे, १२ वर्षांच्या आत सहसा पॉइंट नको. कारण हाडं वाढत असतात आणि ताकदही आलेली नसते. मोठ्यांना वयाची अट नाही, पण ताकदीची आहे.

ताईसाठी ही टेस्ट साधी नव्हती. कंपनीने तिची बदली पुण्याला केली होती आणि हातात उरले होते दहा आठवडे. डोंबिवलीहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला की ठरलेला डायलॉग असायचा, "या वयात बोटांवर उभं राहून काय मिळणार आहे तुला?" ताई हसून विषय बदलायची. पण टेस्टच्या आदल्या रात्री भांडी घासता घासता मला म्हणाली, "अगं, ऑफिसमध्ये मी काय करते ते मलाच धड सांगता येत नाही. हे मात्र मला करून दाखवायचंय."

टेस्ट अर्ध्या तासाची. आधी पेन्सिल. पाय ताणून धरायचा आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला पेन्सिल ठेवायची. ती नडगीला समांतर टेकली तर पाय पुरेसा ताणला जातोय. तिथे ताई पास. मग 'विमान'. एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे, अंग पुढे झुकवून जमिनीला समांतर. या अवस्थेत खालचा गुडघा वाकवायचा आणि हातांनी जमिनीला शिवायचं, पाच वेळा. गुडघा आत जायला नको. उजवा मस्त. डावा तिसऱ्या वेळी डगमगला. शेवटी एका पायावर टाचा उचलणं, पूर्ण उंचीपर्यंत, किमान वीस वेळा. उजवा पाय २४. डावा चौदाव्याला अर्ध्यावर अडकला.

टीचरनी विचारलं, "हा घोटा कधी मुरगळला होता का?" ताईला आठवायला वेळ लागला. कॉलेजमध्ये असताना, पावसाळ्यात, स्टेशनच्या पुलावरून उतरताना. पंधरा दिवसांत सूज उतरली, विषय संपला. पण खरं तर तो संपत नाही. घोट्याच्या बंधांना इजा झाली की पाऊल कुठे कललंय याची मेंदूला मिळणारी खबरही मंदावते. सूज जाते, पण ती खबर आपोआप पूर्ववत होईलच असं नाही. रोजच्या चालण्यात ते जाणवत नाही. एका पायावर उभं राहिलं की लगेच उघड होतं.

"उजवा पाय तयार आहे," टीचर म्हणाल्या. "डाव्याला आठ आठवडे दे. शूज काय, जोडीनेच येतात!"

ताई काही बोलली नाही. खाली रस्त्यावर येईपर्यंत नाही. मग कॅलेंडर काढून तिने मोजायला सुरुवात केली. दहातून आठ गेले, उरले दोन.

ती स्थिर नव्हतीच

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही 'द स्लीपिंग ब्यूटी' पाहिलं. ऑपेरा हाऊसमध्ये उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात, ती काढली. मध्यंतरं धरून जवळपास तीन तास. ताईचा मूड ऑफ होता. मला वाटलं, नको होतं यायला.

मग रोझ अडाजिओ आला. सबंध बॅलेतला सर्वात धडकी भरवणारा भाग. ऑरोराचा वाढदिवस, चार राजपुत्र मागणी घालायला आलेत. ती एका पायाच्या बोटांवर उभी, दुसरा पाय मागे उचलून वाकवलेला. एक राजपुत्र हात देतो, ती क्षणभर धरते, सोडते, दोन्ही हात वर नेते. मग दुसऱ्याचा हात. पुन्हा सोडते. चारही जणांचं होईपर्यंत दुसरा पाय खाली टेकवायचा नाही. थिएटरमध्ये खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता.

ताईने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कानात म्हणाली, "चेहरा नको बघूस. घोटा बघ."

मी बघितलं. लांबून पुतळ्यासारखी वाटणारी ती बाई अजिबात स्थिर नव्हती! घोटा सतत हलत होता. अगदी बारीक, इकडून तिकडे, थांबतच नव्हता. दर क्षणी तोल जात होता आणि दर क्षणी सावरला जात होता. फक्त ते सावरणं इतकं लहान होतं की वरच्या माळ्यावरून दिसू नये. म्हणजे स्टॅबिलिटीचा फंडा न हलण्यात नाही. तोल मोठा जाण्याआधी तो छोटासा दुरुस्त करण्यात आहे. आणि ही दुरुस्ती विचार करून होत नाही, तेवढा वेळच नसतो. ती पायाला पाठ असावी लागते.

घरी परतताना ट्यूबमध्ये जागा होती, पण ताई बसली नाही. दांड्याला न धरता डाव्या पायावर उभी राहिली.

पुढचे आठ आठवडे तिने काय केलं, तर सगळं अत्यंत बोअरिंग! चहा उकळेपर्यंत टाचा वर-खाली. डावा पाय आधी, कारण दमल्यावर आपण कमजोर बाजूला सूट देतो. दात घासताना एका पायावर, जमायला लागल्यावर डोळे मिटून. रबराची पट्टी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. दिवसाआड जास्त, मधल्या दिवशी कमी, कारण स्नायू विश्रांतीत भरतात. मी मुंबईला परत आले होते. दर रविवारी व्हॉट्सॲपवर एक आकडा यायचा. १५. १५. १७. १६. मग एकदम १९. आठव्या रविवारी २२.

दुसऱ्या टेस्टनंतर ताईला शूज मिळाले. पहिला पॉइंट क्लास कितीचा? क्लासच्या शेवटी दहा मिनिटं, बारला तोंड करून, दोन्ही हात बारवर. फक्त वर जायचं आणि खाली यायचं. व्हिडिओत ती जेमतेम काही सेकंद बोटांवर आहे. तिच्या नाकपुड्या फुगल्यात आणि दोन्ही खांदे कानाला टेकलेत. मागून टीचरचा आवाज येतो, "खांदे खाली!"

मावशीने तो व्हिडिओ सोसायटीतल्या बायकांना दाखवला. ताई आता पुण्यात आहे, बॅले क्लास शोधतेय आणि तोपर्यंत ओट्यापाशी टाचा उचलतेय.

जाणार असाल तर...

फ्लोरल स्ट्रीट स्टेशनपासून दोन मिनिटांवर आहे. पूल रस्त्यावरून बघता येतो, वरून चालता येत नाही. रॉयल ऑपेरा हाऊसच्या इमारतीत दिवसा तिकिटाशिवायही डोकावता येतं, आत कॅफे आहे. स्वतः नाचून बघायचं असेल तर लँगली स्ट्रीटवर १९७९ पासून चालू असलेला पाइनॅपल डान्स स्टुडिओ आहे. तिथे नवशिक्यांसाठीही बॅलेचे क्लास असतात आणि एका क्लासपुरतेही पैसे भरता येतात. पॉइंट शूज मात्र हौस म्हणून विकत घेऊन घरी चढवू नका. आधी टीचरला पाय दाखवा.

आणि लंडनचा प्लॅन नसेल तर? खुर्चीतून उठा, भिंतीला दोन बोटं टेकवा आणि एका पायावर टाच उचला. पूर्ण वर, सावकाश खाली. दोन्ही पायांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. कमी आला तो पाय उद्या आधी घ्या. टाच किंवा घोटा दुखत असेल तर आधी डॉक्टर गाठा.